बी.कॉम. सोडू नकोस, खाडीचा हिशेब मांड

पत्र: मी भांडुपला राहते आणि मुलुंडच्या एका कॉलेजात एसवायबीकॉमला आहे. गेल्या वर्षी एनएसएसतर्फे खाडीकाठच्या कांदळवनात प्लास्टिक गोळा करायला गेलो होतो. तेव्हापासून याच क्षेत्रात काम करावं असं वाटतंय. पण माझी शाखा कॉमर्स. सगळं सोडून सायन्सला जाऊ का? शनिवार-रविवार मी शिकवण्या घेते, त्यामुळे बिनपगारी इंटर्नशिप परवडत नाही. बाबा म्हणतात, झाडं लावून पोट भरत नाही. शिकता शिकता मला काय करता येईल?

उत्तर: बी.कॉम. सोडू नकोस. दोन वाटा तुला बंद आहेत, त्या आधीच सांगते, म्हणजे त्यांच्यामागे वर्षं जाणार नाहीत. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला ठरावीक विज्ञान विषय, शेती, वनशास्त्र किंवा इंजिनीअरिंगची पदवी लागते, बी.कॉम. चालत नाही. आणि पर्यावरणशास्त्राच्या बहुतेक एम.एस्सी. अभ्यासक्रमांना विज्ञानाची पदवी मागतात. पाण्याचे नमुने तपासणारी किंवा वनाधिकारी व्हायचंच असं मनाने घेतलं असेल, तर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. तुझं पत्र वाचून मला तसं वाटलं नाही. खाडी का मरते आणि ती वाचवायला काय लागेल, हे तुला समजून घ्यायचंय. त्यासाठी कॉमर्सची मुलगी हवीच आहे.

आधी बाबांची शंका, कारण ती रास्त आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला. वर्षभरात वीज किती जाळली, डिझेल किती, पाणी कुठून घेतलं, सांडपाणी कुठे सोडलं, कचऱ्याचं काय केलं, हे सगळं त्यात आकड्यांत द्यावं लागतं. महत्त्वाच्या आकड्यांची बाहेरच्यांकडून तपासणी टप्प्याटप्प्याने लागू करायचं २०२३ मध्ये ठरलं. हे आकडे मिळतात ते बिलांतून, चलनांतून, स्टोअरच्या रजिस्टरमधून. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे गणित पंधरा मिनिटांत शिकता येतं. पण बिलं आणि रजिस्टर यांचा मेळ का बसत नाही, हे ओळखायला हिशेबाची नजर लागते. यातल्या कितीतरी कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत आहेत. सनदी लेखापालांच्या संस्थेनेही शाश्वतता अहवालांच्या मानकांसाठी वेगळं मंडळ नेमलं आहे. म्हणजे पुढे सीए किंवा कॉस्ट अकाउंटिंगकडे वळलीस, तरी या विषयाशी तुझी फारकत होणार नाही. स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचा पगार कमी असतो, हे बाबांना खरं तेच सांग. कंपन्यांच्या आणि सल्लागार संस्थांच्या बाजूला परिस्थिती बरी आहे.

आता शिकता शिकता काय करायचं ते. संस्थांच्या याद्या घेऊन फिरणारी, दर रविवारी नव्या टी-शर्टात सफाई मोहिमेला जाणारी आणि वर्षाअखेर प्रमाणपत्रांची फाइल दाखवणारी मुलं मी नेहमी पाहते. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण मुलाखतीत ‘त्या किनाऱ्याबद्दल काय कळलं?’ असं विचारलं, की ती गप्प होतात. तू एकच जागा धर आणि दोन वर्षं सोडू नकोस. तुझ्या दाराशी ठाणे खाडी आहे, यापेक्षा काय हवं?

या खाडीचा पश्चिम काठ २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याच काठावर, तुझ्या घरापासून फार दूर नाही अशा कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीवर मुंबईचा बहुतेक कचरा येऊन पडतो. काही रात्री वारा फिरला की तो वास तुमच्या घरातही येत असेल. एका बाजूला हजारो फ्लेमिंगो, दुसऱ्या बाजूला अख्ख्या शहराचा कचरा, आणि मध्ये कोळीवाड्यांची जाळी. पर्यावरण अभ्यासात जे जे शिकवतात ते सगळं इथे एका नजरेत दिसतं.

तुझ्या नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना क्रेडिट आहेत. बहुतेक मुलं ते जवळच्या दुकानाचा सर्व्हे करून उरकून टाकतात. तू ते खाडीवर कर. म्हणजे शिकवण्या सोडाव्या लागणार नाहीत, कारण हे काम कॉलेजच्या वेळेतलंच धरलं जाईल. विषय मी सुचवते: खाडीवर जगणाऱ्या दहा-पंधरा कोळी कुटुंबांचा वीस वर्षांचा जमाखर्च. पूर्वी कोलीम, निवटी, बोय, चिंबोरी किती मिळायची, आता किती मिळते; जाळ्यात येणारं प्लास्टिक निवडण्यात किती वेळ जातो; होडीच्या डिझेलला काय लागतं; बाजारात बसायला काय मोजावं लागतं. बायकांशी बोल, कारण विक्री त्या करतात आणि भाव त्यांनाच तोंडपाठ असतात. पहिल्या भेटीत वही काढू नकोस. मासळी घे, बस, दोनदा-तीनदा जा. सांगितलेला आकडा तसाच मान्य न करता दुसऱ्या-तिसऱ्या घरी ताडून पाहा. नावं अहवालात घालू नकोस, आणि काम झाल्यावर काय निघालं ते त्यांना परत जाऊन सांग. हे फार थोडे जण करतात.

याच्या जोडीला पक्ष्यांची नोंद ठेव. ईबर्ड हे मोफत अॅप आहे. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच जागी, त्याच भरती-ओहोटीच्या सुमारास एक तास. फ्लेमिंगो हिवाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत असतात. इतर वेळी बगळे, खंड्या, पाणकावळे मोज. काहीच दिसलं नाही तरी तेही लिही. एका वर्षाची सलग नोंद झाली की तिचं मोल तुला आपोआप कळेल. एक काळजी घे: चिखलात उतरायचं नाही, एकटीने जायचं नाही, आणि अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. मुलुंड-ऐरोली पुलापलीकडे ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे आधी एकदा जाऊन ये. कांदळवनातलं तिवराचं झाड कोणतं आणि ते खाऱ्या पाण्यात कसं जगतं, हे तिथे नीट समजेल.

पक्षी, वनस्पती, कीटक यांचं पद्धतशीर शिक्षण हवं असेल तर १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी फोर्टातच आहे आणि गोरेगावला, राष्ट्रीय उद्यानाला लागून तिचं शिक्षण केंद्र आहे. तिचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम कॉमर्सवाल्यांनाही चालतात. फी भरावी लागते, म्हणून वर्षातून एकच घे. समुद्राची ओढ वाटली तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर लोकांना नेतो. गिरगाव चौपाटीजवळच्या खडकांत किती प्रकारचे जीव राहतात हे पाहिलंस, तर मुंबईकडे बघण्याची तुझी रीत बदलेल.

एनएसएसचे वर्षाला १२० तास तुला भरायचेच आहेत. ते रॅलीत आणि पोस्टर रंगवण्यात घालवू नकोस. प्रोग्रॅम ऑफिसरना म्हण, आपण कॉलेजच्या कँटीनचा कचरा पंधरा दिवस वजन करू: ओला किती, सुका किती, उष्टं अन्न किती. तराजू, हातमोजे आणि चार मुलं पुरतात. तो तक्ता प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला की कॉलेजला काहीतरी करावंच लागेल.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीच्या काळात एकदा तरी करावी: जनसुनावणीला, म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या सभेला, जाऊन बसणं. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांपैकी बऱ्याच प्रकल्पांना ती घ्यावी लागते. किमान तीस दिवस आधी नोटीस निघते आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो. सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. परिवेश या सरकारी पोर्टलवर प्रकल्पांची कागदपत्रं पाहता येतात. आधी सारांश वाच, मग सभागृहात मागे बसून ऐक. कंपनीचा सल्लागार काय दाखवतो, गावकरी काय विचारतात, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. असाच दुसरा वाचण्याजोगा कागद महापालिकेचा. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे. आणि २०२४ मध्ये पालिकेने हवामान अर्थसंकल्पाचा अहवालही काढला. कोणत्या खात्याला किती पैसे दाखवलेत आणि त्यातलं तुमच्या एस वॉर्डात काय आलं, हे शोधायला अर्थसंकल्प वाचता येणारं माणूस लागतं. अडलं तर माहिती अधिकाराचा अर्ज कर.

इंटर्नशिपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इंटर्नशिप देण्यासाठी जे पैसे मागतात त्यांच्याकडे जाऊ नकोस. बिनपगारी काम घ्यायचंच झालं तर महिन्याभरापुरतं, प्रवासखर्च आणि जेवण मागून, आणि तू नेमकं काय करणार हे आधी लिहून घेऊन. ‘सोशल मीडिया सांभाळ’ एवढंच काम असेल तर नम्रपणे नाही म्हण. शिकवण्यांच्या कमाईने तू घराला हातभार लावतेस, त्याबद्दल कुणापुढे संकोचू नकोस. सुट्टीत एक्सेलवर हात बसव आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर शिक. कांदळवनाची जुनी-नवी उपग्रहचित्रं एकावर एक ठेवता आली की तुझ्या जमाखर्चाला नकाशाची जोड मिळेल.

पदवीनंतर देवनारच्या टिसमधलं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) स्कूल ऑफ हॅबिटाट स्टडीज आणि भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था, या दोन जागा नजरेसमोर ठेव. भोपाळला कॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेमार्फत कोणत्याही शाखेचे पदवीधर जाऊ शकतात. टिसच्या हवामान आणि शाश्वततेच्या अभ्यासक्रमासाठी त्या वर्षीचं माहितीपत्रक बघ. सरकारी फी आणि शिष्यवृत्त्या तपासल्याशिवाय खासगी संस्थांच्या महागड्या ‘सस्टेनेबिलिटी’ डिप्लोम्यांना हात लावू नकोस.

या आठवड्यात फील्ड प्रोजेक्टच्या प्राध्यापकांना भेट. जाताना एक पान घेऊन जा: विषय, किती कुटुंबं, कोणते प्रश्न, किती भेटी, सोबत कोण. खाडी आणि कॉमर्सचा काय संबंध, असं त्यांनी विचारलंच, तर मासळीच्या पाटीमागचा खर्च आणि नफा त्या पानावरच मांडून दाखव. तरीही नकार मिळाला तर एनएसएसच्या तासांत हेच काम बसव आणि पुढच्या सत्रात पुन्हा अर्ज कर. पहिल्या पाच कुटुंबांचे तक्ते तयार झाले की मला पाठव, मी वाचून देईन.