एककल्ली नव्हे, एकांडा

निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या मानपत्रात एका वाचकाने 'एककल्ली' असा शब्द घातला आणि कचेरीत कुजबुज सुरू झाली. हे गृहस्थ कधी युनियनचे पुढारी झाले नाहीत आणि साहेबांच्या मागेपुढेही फिरले नाहीत. पटलं ते केलं, नाही पटलं ते तोंडावर सांगितलं. अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं, असा वाचकाचा प्रश्न आहे.

कुजबुज रास्तच होती. एककल्ली माणूस एकाच नादात असतो, दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. 'एकलकोंड्या'ला तर माणसंच नकोशी असतात. 'तऱ्हेवाईक' आणि 'विक्षिप्त' हे शब्द मृत्युलेखात कौतुकाने खपतात, समोर बसलेल्या माणसाला लावू नयेत. 'कुणाच्या अध्यात ना मध्यात' हेही इथे लागू नाही, कारण यांना मतं होती आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली. 'बंडखोर' शब्दाची तर निवडणुकांनी वाट लावली: तिकीट कापलं म्हणून अर्ज भरतो तो बंडखोर, तोही बहुधा माघारीची मुदत संपेपर्यंतच.

'मनस्वी' बराच जवळ येतो, पण त्याला कलावंतांचा संग फार. हिशेबखात्यातल्या माणसाला मनस्वी म्हटलं की ताळेबंदाची काळजी वाटू लागते.

माझं मत 'एकांडा'ला, म्हणजे 'एकांडा शिलेदार'मधल्या एकांड्याला. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवकाळात अशा पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. त्यातही बरेच शिलेदार कुणा ना कुणा सरदाराच्या पथकातून येत. जो आपला घोडा घेऊन एकटाच चाकरीला येई, तो एकांडा. तो पथक बाळगत नसे आणि कुणाच्या पथकात मोडतही नसे. पण लढाई तीच लढे, पगारही घेई. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: एकांडा कामापासून फटकून नसतो, फक्त त्याचा लगाम दुसऱ्याच्या हातात नसतो.

नुसतं 'शिलेदार' मात्र लिहू नका. अलीकडे वर्तमानपत्रांत अमक्या नेत्याचे 'शिलेदार' म्हणजे त्याचे खंदे अनुयायी. घोडा, गाडी, तिकीट सगळं नेत्याचं, आणि हे म्हणे शिलेदार! खरं तर त्यांना बारगीर म्हणायला हवं.

माणसातच दाखवायचं तर र. धों. कर्वे घ्या. वडील धोंडो केशव कर्वे यांनी संस्था उभ्या केल्या, माणसं जोडली. मुलाने संततिनियमनाचा प्रचार हाती घेतला, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. पंथ काही निघाला नाही. त्यांना एककल्ली म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही, कारण मासिकात ते विरोधकांशी मुद्द्याने वाद घालत.

आता मानपत्राचं. बोलीत 'कुणाची री न ओढणारा' किंवा 'दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी न पिणारा' सहज चालतं, पण दोन्हींत नकार आहे. माणूस काय नाही एवढंच कळतं. म्हणून मी असं लिहीन: 'साहेब बदलले, युनियनचे झेंडे बदलले, पण आमचे अण्णा एकांडे शिलेदारच राहिले.' अण्णांच्या जागी तुमच्याकडे जे नाव रुळलं असेल ते घाला. बाईंविषयी लिहायचं असेल तर 'एकांड्या शिलेदार' म्हणा, कानाला खटकत नाही. आणि 'एकांडे'च्या जागी 'एकटे' छापलं जाणार नाही, एवढं प्रूफ तपासताना पाहा.