मेंटेनन्समध्ये जायचंय, पण डिग्री कुठली?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात, आधी त्या सोडवू. भाचीला विमानांच्या मेंटेनन्समध्ये जायचंय आणि घरचे म्हणतात, आधी एअरोनॉटिकलची डिग्री घे, मग पुढचं बघू. डिग्री देतं विद्यापीठ. विमान उड्डाणासाठी सोडण्याची सही करायची तर लागतं लायसन्स, आणि ते देते नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था. पहिलं हातात आलं म्हणून दुसरं मिळत नाही, आणि युरोप-अमेरिकेच्या नियमांत तरी दुसऱ्यासाठी पहिल्याची अट नाही.

एअरोनॉटिकलच्या डिग्रीचा रोख असतो विमान घडवण्यावर: पंखाभोवतीचा हवेचा प्रवाह, स्ट्रक्चरवरचे ताण, इंजिनाचं थर्मोडायनॅमिक्स. मेंटेनन्सवाला एवढंच विचारतो की हे विमान मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं आहे की नाही. ब्रेकचंच घ्या. पार्किंग ब्रेक लावून वेअर पिन, म्हणजे ब्रेक किती झिजलाय ते दाखवणारी छोटी पिन, किती बाहेर दिसते ते बघायचं. मर्यादेपेक्षा कमी दिसली की युनिट बदला. मग मॅन्युअलची चालू आवृत्ती काढा, पार्ट नंबर ताडून बघा, कॅलिब्रेशनची मुदत न उलटलेला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) घ्या. जिथे लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) असेल तिथे ती बोल्टला आवळण्याच्या दिशेनेच ओढेल अशी घाला. टूल्स मोजून जागेवर ठेवा, आणि मग टास्क कार्डावर, म्हणजे त्या कामाच्या नोंदपत्रावर, सही.

यात डोकं कुठे लागतं, असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या फ्लाइट ५३९० ची पुढची एक काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, विमान उतरलं, तोही वाचला. उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधीच ती काच नवी बसवली होती. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने जेमतेम ०.६६ मिलिमीटर बारीक निघाले. कॅटलॉगमध्ये पार्ट नंबर न बघता काढलेला बोल्ट शेजारी धरून नवे निवडले होते, आणि ज्याने काम केलं त्यानेच सही केली. बोल्टवर किती भार येतो हे गणित डिग्रीत शिकवतात. रात्रपाळीत, उशीर होत असतानाही कॅटलॉग उघडायची सवय हँगरमध्येच, म्हणजे विमानांची दुरुस्ती होते त्या शेडमध्येच, लागते. मला विचाराल तर या पेशाचा गाभा तो आहे.

आता मार्ग. युरोपची विमान सुरक्षा नियामक संस्था ईएएसए हिची पार्ट-६६ ही लायसन्सच्या नियमांची चौकट बऱ्याच देशांनी थोड्याफार फरकाने घेतली आहे. त्यात बी१ म्हणजे इंजिन आणि मेकॅनिकल, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मॉड्यूलवार परीक्षा असतात, पासिंग ७५ टक्के. टर्बाइन इंजिनांच्या विमानांच्या बी१.१ साठी पार्ट-१४७ (मेंटेनन्स शिकवणाऱ्या संस्थांचे नियम) मान्यतेच्या संस्थेतून २४०० तासांचा कोर्स केला तर २ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव पुरतो. कसलंही तांत्रिक प्रशिक्षण नसेल तर ५ वर्षं. नुसती डिग्री हातात घेऊन हँगरमध्ये आलेली मुलं इथेच अडतात. डिग्रीतल्या विषयांवर परीक्षेत सूट मिळू शकते, पण नियामकाने तो अभ्यासक्रम तपासून मान्य केला असेल तेवढीच. अमेरिकेत एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) दोन्हींसाठी ३० महिन्यांचा अनुभव किंवा मान्य शाळेचा कोर्स, आणि मग लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक. तिथेही डिग्रीची अट नाही.

मग डिग्री वायाच का? तसंही नाही. पार्ट-६६ मध्येच तिच्यासाठी एक दार ठेवलंय: सी कॅटेगरी, म्हणजे बेस मेंटेनन्स (हँगरमध्ये होणारी मोठी तपासणी-दुरुस्ती) संपल्यावर अख्खं विमान सेवेत सोडण्याची सही. तांत्रिक डिग्री असेल तर बी१-बी२ मधून वर न येताही तिथे जाता येतं. ३ वर्षं मेंटेनन्सच्या वातावरणात काम हवं, त्यात ६ महिने बेस मेंटेनन्सचं निरीक्षण, आणि परीक्षा द्यावी लागतेच. शिवाय कंटिन्युइंग एअरवर्दीनेस (विमान उडण्यायोग्य राहतंय ना यावर लक्ष), रिलायबिलिटी (बिघाडांचा अभ्यास), मोठ्या रिपेअरचं डिझाइन या टेबलांवर डिग्रीवाल्याला मान असतो. चाळिशीनंतर रात्रपाळ्या अंगावर यायला लागतात, तेव्हा हँगरमधले कित्येकजण या टेबलांकडे बघायला लागतात.

म्हणून माझं मत: डिग्री घ्यायचीच तर जिच्यात पार्ट-१४७ चा कोर्स गुंफलेला आहे तीच घ्या. अशा एकत्रित डिग्र्या काही विद्यापीठं चालवतात. पण माहितीपत्रकातल्या 'उद्योगाभिमुख', 'मान्यताप्राप्त' असल्या शब्दांवर जाऊ नका. मान्यता विद्यापीठाची की नियामकाची, हे सरळ विचारा. मान्यतेचं सर्टिफिकेट मागून त्यावरची कॅटेगरी वाचा. बी१.१ म्हणून प्रवेश देतात आणि मान्यता पिस्टन विमानांच्या बी१.२ ची असते, हेही बघितलंय. प्रात्यक्षिकं खऱ्या विमानावर होतात की नुसत्या सुट्या इंजिनांवर, तेही बघा. आणि अनुभवाची वर्षं कुठल्या हँगरमध्ये भरून निघणार, लॉगबुकवर सही कोण करणार, हे लेखी घ्या. या शेवटच्या प्रश्नावर प्रवेश कार्यालयातले गोलमोल बोलू लागले, तर ती डिग्री चांगली असेलही, पण तिच्यात मेंटेनन्सचा रस्ता नाही.

भाचीला एकदा रात्रपाळीतला हँगर बघायला मिळाला तर जरूर न्या. काहींना तो आवाज आणि हायड्रॉलिक ऑइलचा वास नकोसा होतो, काहींचा पाय तिथून निघत नाही. तिचं काय होतं ते बघून मग फॉर्म भरा.