लाटेवरचं एक मिनिट आणि बाकीचा दीड तास

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वय एकोणचाळीस, आठ महिन्यांत सर्फिंगसाठी वीसेक वेळा पाण्यात उतरून झालं. फुटलेल्या लाटेच्या फेसावर उभं राहता येतं, पण न फुटलेली, हिरवी लाट काही केल्या मिळत नाही. एकतर ती खालून निघून जाते, नाहीतर बोर्डचं नाक खाली जाऊन तुम्ही पुढे फेकले जाता. तीन महिन्यांपूर्वी सहा फुटी बोर्ड घेतलात, तेव्हापासून तर फेसावरही धड उभं राहता येत नाही. दोन तासांच्या मेहनतीत उभे राहिल्याचे दहा सेकंद. मग लोक ज्या मजेबद्दल बोलतात ती नक्की असते कुठे, आणि या वयात ती मिळेल का?

वयाचं आधी उरकते. मी सुरुवात केली तेव्हा एक्केचाळीस पूर्ण होती, आता त्रेपन्न आहे. आणि बारा वर्षांनंतरही मी साधारण सर्फर आहे. लाटेवर डावी-उजवीकडे जाता येतं, थोडं वर-खाली करता येतं, इतकंच. छातीपेक्षा उंच लाटा असतील तर मी किनाऱ्यावर बसते आणि त्याची मला लाज वाटत नाही. तेव्हा पुढचं सगळं एका कच्च्या हौशी बाईचं म्हणणं म्हणून वाचा.

आता तुमचे दहा सेकंद. पहिली काही वर्षं मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवायचे: किती वाजता उतरले, वारा कुठून होता, किती लाटा मिळाल्या. एका बऱ्या दिवसाची नोंद आहे, दीड तासात सात लाटा. एका लाटेवर माझ्यासारखीचे सहा ते आठ सेकंद जातात. म्हणजे सात लाटांचं मिळून एक मिनिटसुद्धा भरत नाही. उरलेली एकोणनव्वद मिनिटं हात मारणं, बसणं, वाट बघणं, चुकणं आणि पुन्हा हात मारणं. जे उत्तम सर्फर आहेत त्यांचाही पाण्यातला बहुतेक वेळ हात मारण्यात आणि थांबण्यातच जातो, लाटेवर असतात ते मोजके काही टक्के. तेव्हा ते एकच मिनिट मजेचं धरून बाकीचा वेळ भाड्यासारखा मोजत राहिलात, तर हा छंद कायम तोट्यातच दिसेल. मला तो त्या एकोणनव्वद मिनिटांमुळे आवडतो. त्यांत काय असतं ते सांगते.

तुम्ही पाण्यात बसलेले असता तेव्हा खालून जी लाट येते ती कुठल्यातरी दूरच्या वादळाने उठवलेली असते. वाऱ्याने पाण्याला दिलेली ती ढकल शेकडो, कधी हजारो किलोमीटर चालत येते. पाणी मात्र सोबत येत नाही, ते जागच्या जागी गोल फिरून परत तिथेच राहतं. लाटांच्या अंदाजात तुम्ही 'स्वेल १४ सेकंद' असं वाचता ना, त्यातला स्वेल म्हणजे अशी दुरून आलेली लाट, आणि सेकंद म्हणजे दोन लाटांमधला वेळ. तो दुर्लक्षित आकडा माझ्या मते उंचीपेक्षा जास्त बोलका आहे. खोल समुद्रात १४ सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी साधारण ४० किलोमीटरने सरकतो, म्हणजे ३,००० किलोमीटरवरचं वादळ तीनेक दिवसांनी तुमच्या पायाखाली पोचतं. लांब अंतराने येणाऱ्या लाटा जास्त वेगाने धावतात, म्हणून त्या आधी पोचतात. काल १६ सेकंद, आज १४, उद्या १२ असं उतरत गेलं की समजायचं, त्याच वादळाची शेपूट आता येते आहे.

हे शास्त्र ज्यांनी बसवलं त्यांतले एक वॉल्टर मंक. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं होतं, तेव्हा लाटांचा अंदाज बांधायची जी पद्धत वापरली ती त्यांनी आणि हाराल्ड स्वेर्ड्रुप यांनी तयार केली होती. पुढे १९६३ साली मंक यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजमापाची ठाणी मांडली आणि दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडून जाताना मोजल्या. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की त्या दिवशी एकही लाट न मिळूनही मी खूश होते. (घरच्यांना हे समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका.)

किनाऱ्याजवळ आल्यावर ती लाट तळाला 'लागते'. तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून तळ तिला जाणवू लागतो. मग तिचा वेग कमी होतो, उंची वाढते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा-दीडपट उरली की ती फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट छातीएवढ्या पाण्यात फुटणार. तळ कसा आहे त्यावर ती कशी फुटणार हे ठरतं. उतार हळू असेल तर वरून फेस घरंगळत येतो, अचानक उथळ झालं तर लाट पुढे वाकून आपटते. म्हणूनच एकच जागा भरतीला मऊ आणि ओहोटीला खाष्ट असू शकते. उधाणाच्या दिवशी आणि भांगाच्या (भरती-ओहोटीत कमी फरक असतो त्या) दिवशी तीच जागा दोन वेगळ्या जागांसारखी वागते. जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा असेल तर लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो आणि ती जरा जास्त वेळ उभी राहते. उलटा वारा असेल तर सगळा खिचडा.

हे कळायला लागलं की बसणं कंटाळवाणं राहत नाही. लाटा थव्याने येतात: बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ चार-पाच, मग पुन्हा शांत. क्षितिजावर एक गडद रेघ जाड होताना दिसते. आसपासचे लोक बोलता बोलता गप्प होतात, पोटावर आडवे होतात. मी उजवीकडच्या त्या दगडाच्या रेषेत आहे का, जरा आत आहे का? पहिली सोडायची, तिच्यामागची घ्यायची. पहिलीवर पडलात तर बाकीच्या चार डोक्यावर घ्याव्या लागतात, हे मी पुष्कळ वेळा डोक्यावर घेऊन शिकले आहे.

आणि मग तो क्षण. मागून बोर्डचं शेपूट उचललं जातं. तुम्ही हात मारत असता, पण एका हाताला अचानक पाणी हलकं लागतं, बोर्ड आपणहून सुटतो. उभं राहण्याच्या आधीचा तो अर्धा सेकंद, पोटावर असतानाचा, मला अजूनही सगळ्यात जास्त आवडतो. फेसावर हे जाणवत नाही, कारण फेस तुम्हाला धक्का देतो. हिरव्या लाटेवर तुम्ही उतारावरून घसरता आणि उतार स्वतःच पुढे सरकत असतो. हवाईतले लोक शेकडो वर्षं हे करत आले आहेत, त्यांच्या भाषेत याला 'हेए नालू' म्हणतात, म्हणजे लाटेवरून घसरणं. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतल्या लेफ्टनंट जेम्स किंगने १७७९ मध्ये हे बघून लिहून ठेवलं, आणि त्यालाही ती माणसं हे निव्वळ मौजेसाठी करतात हे स्पष्ट दिसलं होतं.

आता तुमची खरी अडचण. ती वयाची नाही, बोर्डची आहे. आठ महिन्यांत सहा फुटी बोर्ड ही चूक जवळपास प्रत्येकजण करतो, मीही केली. छोटा बोर्ड दिसायला देखणा असतो, काखेत मावतो, आणि तो धरून चालताना आपण सर्फर वाटतो. पण त्याला तरंगवायला घनफळ कमी. लाटेचा वेग गाठायला जितके जोरात हात मारावे लागतात तितके आपल्या खांद्यांत नसतात. मग लाट खालून निघून जाते. ते टाळायला आपण आत, जिथे लाट आधीच उभी झाली आहे तिथे जाऊन बसतो, आणि मग उतार इतका तीव्र असतो की नाक घुसतं. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत. आठ-नऊ फुटी, मऊ फोमच्या बोर्डवर परत जा. यात पायरी उतरणं वगैरे काही नाही.

त्या बोर्डवर झोपलात की नाक पाण्याच्या दोन बोटं वर राहिलं पाहिजे. जास्त वर असेल तर तुम्ही मागे आहात, बोर्ड नांगरासारखा पाणी ओढतो. लाट आली की ती खांद्यावरून बघा, आणि 'मिळाली' असं वाटल्यावर आणखी दोन हात मारा. नवशिका नेमका तिथेच थांबतो. उठताना तळवे बरगड्यांपाशी, बोर्डच्या कडा न पकडता. नजर जिथे जायचंय तिथे. बोर्डकडे बघितलंत की बोर्डच बघत खाली जाल. गुडघ्यावर थांबायची सवय लागली असेल तर ती घरी चटईवर मोडा, रोज दहा वेळा उठून. हास्यास्पद दिसतं, उपयोग होतो.

दोन गोष्टी मात्र मजेच्या आधी येतात. लाटेच्या फुटणाऱ्या टोकाच्या सगळ्यात जवळ जो आहे, लाट त्याची. त्याच्यासमोर उतरायचं नाही, मग ती आठ महिन्यांतली पहिली मिळणारी लाट का असेना. दुसरं, लाटा फुटताना दिसत नाहीत आणि पाणी शांत वाटतं अशी जी पट्टी असते, ती बहुतेकदा समुद्राकडे ओढणारा प्रवाह असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे थेट झुंजू नका. बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, मग लाटांसोबत आत या. ड्यूक कहानामोकू या हवाईच्या सर्फरने, ज्याने १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण मिळवलं, १९२५ साली कॅलिफोर्नियात उलटलेल्या बोटीतल्या आठ जणांना आपल्या सर्फबोर्डवरून वाचवलं होतं. ती फळी आधी तरंगणारी वस्तू आहे, खेळणं नंतर. आणि पडताना डोकं हातांनी झाका. माझ्या हनुवटीखाली चार टाके आहेत, ते माझ्याच बोर्डच्या फिनचे, म्हणजे खालच्या कल्ल्याचे. पडल्यावर बोर्ड कुठे आहे हे न बघता मी दात काढत वर आले होते.

'खऱ्या' सर्फिंगच्या चित्रफिती बघून मन खट्टू करून घेऊ नका. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या नाझारेला सेबास्टियन श्टॉइटनर ज्या लाटेवरून उतरला तिची उंची २६.२१ मीटर मोजली गेली. तिथे लाट पकडायला जेट-स्कीने ओढत नेतात. तो आणि मी एकच खेळ खेळतो असं म्हणणं म्हणजे पतंग उडवणाऱ्याने स्वतःला वैमानिक म्हणवण्यासारखं आहे. सर्फिंग ऑलिंपिकमध्ये आलं त्याचंही मला कौतुक आहे, पण तिथे पंच गुण देतात. मला गुण देणारं कोणी नाही, हीच तर सोय. ऑफिसात माझं काम वर्षातून दोनदा मोजलं जातं. पाण्यात मी बारा वर्षं साधारण आहे आणि कुणाची हरकत नाही.

एक बारीक सुख कुणी सांगत नाही म्हणून सांगते. सर्फिंग करून आल्यावर, अंघोळ झाली, जेवण झालं, चार तासांनी तुम्ही बुटाची नाडी बांधायला वाकता आणि नाकातून चमचाभर समुद्र टपकन जमिनीवर पडतो. पहिल्यांदा मी घाबरले होते. आता मीटिंगमध्ये पेन उचलायला वाकताना ते झालं की दिवसभर गालात हसत असते. (कानांची मात्र काळजी घ्या. थंड पाण्यात आणि वाऱ्यात वर्षानुवर्षं राहिलं तर कानाच्या नळीत हाड वाढतं. पाणी गार असेल तर प्लग वापरा.)

पुढच्या वेळी एक करून बघा. बोर्ड वाळूत ठेवा आणि वीस मिनिटं नुसते बसा. दोन थव्यांमध्ये किती वेळ जातो, एका थव्यात किती लाटा येतात, त्या कुठल्या खुणेच्या रेषेत फुटतात आणि जुने सर्फर कुठून समुद्रात शिरतात, एवढंच मोजा. मग उतरा. आणि त्या दिवशी फेसावर जाऊ नका, हिरवी मिळो न मिळो, बाहेरच बसा. लाटा कमरेपर्यंतच्या असतील असाच दिवस निवडा आणि सोबत कुणीतरी असू द्या.

राहिला तो सहा फुटी बोर्ड. विकू नका, नव्या बोर्डच्या निम्मेही पैसे येणार नाहीत. उन्हात नको, सावलीत भिंतीला टेकवून ठेवा. मोठ्या बोर्डवर ठरवून डावीकडे आणि ठरवून उजवीकडे जाता यायला लागलं की काढा. मला त्याला अडीच वर्षं लागली होती.