जुनी एअर रायफल घेतलीस, आता पैसे कुठे घालशील?

सेकंडहँड घेतलीस, चांगलं केलंस. पण लगेच नवी ग्रिप, जादा वजनं यांच्या मागे लागू नकोस. आधी रायफल तुझ्या अंगाला बसव.

रिकामी रायफल खांद्याला लाव, डोळे मिटून गाल टेकव, मग डोळे उघड. मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या भागाच्या, छिद्रात नळीच्या टोकाकडची पुढची रिंग मधोमध दिसायला हवी. मान ताणावी लागत असेल तर चीकपीस (गाल टेकवायचा भाग) वर घे, बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) खाली-वर करून बघ. एका ॲलन कीचं काम आहे! चीकपीस वर जातच नसेल तर पातळ रबराची पट्टी चिकटव. मी दोन वर्षं तशीच खेळले. एका वेळी एकच बदल कर आणि तो वहीत मिलिमीटरमध्ये लिहून ठेव.

खर्च करायचाच तर पेलेटवर, म्हणजे छर्‍यांवर, कर. 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर अशा हेडचे (पुढच्या टोकाच्या व्यासाचे) थोडे थोडे आण, रायफल टेकूवर पक्की ठेवून प्रत्येकाचे दहा शॉट मार. 10 मीटरवरच्या टार्गेटमधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. ज्याचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, सगळ्यात लहान, तो तुझा पेलेट.

ट्रिगर मात्र कुणाकडूनही घासून घेऊ नकोस. माझा एकाने असाच ‘हलका’ करून दिला आणि लोड करून लिव्हर बंद करताच शॉट सुटला. नळी टार्गेटकडे होती म्हणून निभावलं.

आणि हो, रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर छापलेली मुदत आजच बघ. संपली असेल तर बाकी सगळं थांबव, आधी सिलिंडर बदल.