राजकुमारी डायना ही अठराव्या शतकातल्या डेव्हनशायरच्या डचेस जॉर्जियानाची थेट वंशज होती का?

नाही, डायना जॉर्जियानाच्या भावाच्या वंशातली. दोघींच्या माहेरच्या, अर्ल (इंग्रज सरदारकीचा किताब) स्पेन्सर घराण्याची छापील वंशावळ पाहिली की हे लगेच दिसतं: जॉर्जियानाचा धाकटा भाऊ जॉर्ज, म्हणजे दुसरा अर्ल, हे डायनाच्या आजोबांचे पणजोबा. दोघींचं माहेर एकच, नॉर्दम्प्टनशायरमधलं ऑल्थॉर्प, त्यामुळे 'पणजी-खापरपणजी' असं सर्रास लिहिलं जातं. जॉर्जियानाचा (१७५७–१८०६) स्वतःचा वंश वेगळा. १७७४ मध्ये डेव्हनशायरच्या पाचव्या ड्यूकशी लग्न झालं, आणि मुलं अशी:

- जॉर्जियाना (१७८३) आणि हॅरिएट (१७८५)
- विल्यम (१७९०), पुढे सहावा ड्यूक. तो अविवाहित राहिला
- एलायझा कोर्टनी (१७९२), ड्यूकपासून नव्हे, तर प्रियकर चार्ल्स ग्रे यांच्यापासून झालेली. फ्रान्समध्ये गुपचूप बाळंतपण झालं आणि मुलगी ग्रे यांच्या आईवडिलांनी वाढवली

यांखेरीज ड्यूकची लग्नाआधीची मुलगी शार्लट हिलाही जॉर्जियानानेच सांभाळलं. नवऱ्याला सगळं माफ, बायकोला मात्र पोटची मुलगी सोडावी लागली. त्या काळच्या सरदारी घरांचा न्याय हा असा.

एक पुरवणी मात्र जोडायला हवी. हेच ग्रे १८३० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले, आणि डायना त्यांची थेट वंशज आहे, पण एलायझाकडून नव्हे. डायनाच्या पणजीची, मार्गारेट बेरिंगची, आजी ही ग्रे यांची लग्नाच्या बायकोपासूनची मुलगी.