आधी एक वही घे

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळा,

परवा तुझी आई येऊन गेली. चहा तसाच निवला. ती सारखं एकच विचारत होती, "आमच्या घरात कुणालाच नाही, मग यालाच कसं झालं हो?" तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते आहे, कारण हा अप्लास्टिक ॲनिमिया तुझ्या अंगात आहे आणि तो सगळ्यात आधी तुला कळायला हवा.

अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मलाही हाच अप्लास्टिक ॲनिमिया सांगितला, तेव्हा त्यातला फक्त ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. त्याआधीचे दोन महिने बीट, खजूर आणि लोहाच्या गोळ्यांत गेले होते. पहिल्या दवाखान्यातही अशक्तपणाच वाटला. पायावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले होते. मी ते डास समजून खोबरेल तेल लावत बसले. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्या की असे ठिपके येतात हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

रक्त कमी होणं वेगळं आणि रक्त तयारच न होणं वेगळं. हाडांच्या आत मगज असतो, तिथल्या मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बनतात. या आजारात बहुतेक वेळा आपल्याच प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी त्या मूळ पेशींवर उठतात. मगज रिता होतो, त्याच्या जागी चरबी भरते. कमरेच्या हाडातून तुझा तुकडा काढला तो हेच बघायला. भट्टीच विझलेली असताना लोह घालून काय होणार? उलट वारंवार रक्त चढवल्याने लोह अंगात साठत जातं, म्हणून अधूनमधून फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा आकडा, तपासतात. बीटाचा रस आईच्या समाधानासाठी पी हवं तर, पण झाडपाल्याची कुठलीही पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नकोस. आणि हा कॅन्सर नाही, कुणाला लागतही नाही. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही.

आता वही. दोनशे पानी, साधी. प्रत्येक सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीची, तारीख घाल आणि हिमोग्लोबिन, प्लेटलेट, एएनसी लिही. एएनसी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा. एएनसी रिपोर्टवर छापलेला नसला तर स्वतः काढ: एकूण पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे ३६०. हा आकडा ५०० च्या खाली आणि प्लेटलेट २०,००० च्या खाली, शिवाय मगजही जवळजवळ रिता, अशा वेळी डॉक्टर आजाराला 'सिव्हिअर' म्हणतात. २०० च्या खाली गेला तर त्याहूनही गंभीर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, न्यूट्रोफिल तर जेमतेम एखादा दिवस. म्हणून एकदा रक्त चढवलं की चार दिवस बरं वाटतं, पण ताप आणि रक्तस्राव यांची टांगती तलवार तशीच राहते.

तापाचं मात्र अगदी नीट ऐक. १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्रीचे दोन असोत की गणपतीची आरती चालू असो, थेट हॉस्पिटल. 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. परस्पर क्रोसिन घेऊन ताप झाकायचा नाही. रक्तस्राव होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, ब्रुफेन बंद, दंडावर-कमरेवर इंजेक्शन बंद, दात घासायला मऊ ब्रश. ऐरोलीहून गर्दीच्या वेळची लोकल सध्या नकोच.

आई म्हणाली, सगळे नातेवाईक रक्त द्यायला तयार आहेत. त्यांचे आभार मान, पण त्यांचं रक्त तुला चढवू देऊ नकोस. पुढे त्यांच्यापैकीच कुणाचा मगज घ्यावा लागला, तर तुझं शरीर तो नाकारण्याची शक्यता त्याने वाढते. तुझ्यासाठीच्या रक्ताच्या पिशव्या इरॅडिएटेड, म्हणजे किरण दिलेल्या, आहेत का, हे दरवेळी विचार. मी विचारायचे, कुणी रागावलं नाही.

माझं वय पन्नाशीच्या पुढचं, म्हणून मला घोड्यापासून बनवलेलं एटीजी, म्हणजे त्या टी पेशींना आवरणारं औषध, दिलं. चार दिवस सलाईनमधून, थंडी वाजून दात वाजत होते. पुढे त्याच कामासाठी सायक्लोस्पोरिन. पाचव्या महिन्यापर्यंत वहीत काहीच हललं नाही, मी आशा सोडली होती. मग एका सोमवारी प्लेटलेट आपल्या आपण ३१,००० झाल्या. त्या आकड्याभोवती मी पेनाने किती वेळा गोल काढला, पान फाटलं.

तुझं तसं नाही. तू बावीस वर्षांचा आहेस, आणि सख्ख्या बहीणभावाचा मगज जुळला तर तरुण पेशंटला आधी मगजाचं ट्रान्सप्लांटच सुचवतात. प्रत्येक सख्ख्या भावंडाचा जुळण्याची शक्यता चारात एक. टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली ट्रान्सप्लांट सुरू झाले, आता त्यांचं ते युनिट खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात आहे, तुमच्या घरापासून फार लांब नाही. आईला हे दोनदा सांग, तिला परवा ऐकू गेलं नसावं.

ताईचा एचएलए रिपोर्ट, म्हणजे मगज जुळतो का ते सांगणारा, आला की मला फोन कर. उशीर झाला तरी कर, मी जागीच असते.

तुझी,
काकू