वाचकांचे प्रश्न: पत्र्याला शेकडो भोकं पाडायची तर कशानं?

प्रश्न: १.५ मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) पत्र्याचे ६०० × ४०० मिमीचे दोन पॅनेल करायचे आहेत. हवा खेळती राहावी म्हणून ६ मिमीची भोकं १२ मिमी पिचवर (शेजारच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर), सरळ रांगांत हवीत. चारही कडांना २० मिमी पट्टी कोरी सोडायची आहे. हाताशी बेंच ड्रिल आहे, पण तुकड्यावर पाडून पाहिलेली भोकं तिकोनी आली आणि मागच्या बाजूला बर (कडेला उरलेला धारदार कंगोरा) राहिली. ड्रिल बदलून भागेल की पंच करून (मशीनच्या ठोक्यानं भोकं पाडून) घ्यावं?

उत्तर: आधी भोकं मोजा. लांबीत ४७ आणि रुंदीत ३० बसतात, म्हणजे एका पॅनेलला १,४१० आणि दोन्हींना मिळून २,८२०. आता घड्याळ लावा. आखणी आणि सेंटर पंच (ड्रिल घसरू नये म्हणून ठोकलेली खूण) १० सेकंद, ड्रिलिंग आणि पत्रा सरकवणं २० सेकंद, दोन्ही बाजूंची बर काढणं १० सेकंद. प्रत्येक भोकाला ४० सेकंद धरले तरी एकूण ३१ तास होतात, आणि यातला निम्मा वेळ ड्रिल पत्र्याला लागलेलंही नसतं. पंच की ड्रिल हा वाद बहुतेक वेळा भोक पाडण्याच्या वेगावर घातला जातो. खरा वेळ आखणी आणि बर खातात.

म्हणून पहिला पर्याय म्हणजे भोकं न पाडणं. तयार पर्फोरेटेड (भोकं पाडलेला) पत्रा चालेल का, ते बघा. हवेसाठी किती जागा मोकळी राहते हे काढायचं सूत्र सोपं आहे. सरळ रांगांच्या मांडणीत भोकाच्या व्यासाचा वर्ग भागिले पिचचा वर्ग, गुणिले ७८.५ म्हणजे मोकळ्या जागेची टक्केवारी. तुमच्या आखणीत ती १९.६ टक्के येते. आडव्या-तिरप्या, म्हणजे ६० अंशांच्या मांडणीत ७८.५ च्या जागी ९०.७ घ्या. ६ मिमी भोक आणि ९ मिमी पिच असा पत्रा मिळाला तर मोकळी जागा ४० टक्के होते. हवा दुप्पट जाईल, पण पत्रा आधीपेक्षा जास्त लवचीक होईल. तयार पत्र्याची अडचण कडेला येते. मापानं कापला की कापाची रेघ भोकांच्या मधून जाते आणि करवतीसारखे दाते राहतात. कडेला यू-पट्टी बसवणार असाल तर ते झाकले जातात. कोरी पट्टी ठेवून वाकवायचीच असेल तर हा पर्याय सोडा.

कोरी पट्टी हवीच असेल तर काम सीएनसी टरेट पंचवर (फिरत्या चकतीत अनेक पंच बसवलेलं, संगणकावर चालणारं मशीन) किंवा लेझरवर द्या. एकाच मापाची, एकाच पिचची भोकं ही पंचची हक्काची जागा. लागणारा जोर काढायचा तर भोकाचा परीघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची शिअर ताकद (कातरलं जाण्याला होणारा विरोध). एमएससाठी ताकद ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली तर तुमच्या एका भोकाला सुमारे ९.९ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे एक टन लागतो. त्यामुळे एका ठोक्यात दहा भोकं पाडणारं क्लस्टर टूल २० टनाच्या मशीनवर निवांत चालतं. अशा टूलमध्ये शेजारशेजारची भोकं न घेता एक सोडून एक घेतात, नाहीतर डायमधली (पंचखालच्या भोकाच्या साच्यातली) भिंत बारीक राहून तडकते. लेझरला टूलचा खर्च नाही, पण प्रत्येक भोकासाठी वेगळं पिअर्सिंग (कापायला सुरुवात करण्यासाठी पत्रा भेदणं) करावं लागतं. दोनच पॅनेल असतील आणि त्या मापाचं पंच त्यांच्याकडे तयार नसेल तर लेझर, पॅनेल पन्नासच्या पुढे गेले तर पंच, असा आमचा कल राहील. नक्की उत्तर दोन्हींकडून भाव मागवूनच मिळेल.

आता तिकोनी भोकांबद्दल. ड्रिलच्या ११८ अंशांच्या टोकाची उंची व्यासाच्या साधारण ०.३ पट असते. ६ मिमी ड्रिलला ती १.८ मिमी, आणि पत्रा १.५ मिमी. म्हणजे ड्रिलचा पूर्ण व्यास पत्र्यात शिरण्याआधीच टोक खालून बाहेर पडतं. मग त्याला धरणारं काही उरत नाही, ते डोलतं आणि भोक तिकोनी होतं. सुटतासुटता धारा पत्र्यात अडकून पत्रा वर उचलला जातो आणि गरकन फिरतो. हातानं धरलेला असेल तर बोटं जातात. पत्रा नेहमी क्लॅम्पनं बांधा, आणि फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नका.

ड्रिलनंच करायचं ठरलं तर दोन्ही पॅनेल एकावर एक ठेवून खाली-वर प्लायवूडच्या तुकड्यांत घट्ट आवळा. पत्रा लाकडात दाबलेला राहिला की टोकाला आधार मिळतो आणि बर बरीच कमी येते. एका वेळी दोन पत्रे होत असल्यानं आखणीही निम्मी. एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल सुमारे १,३०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) चालवा आणि थेंबभर कटिंग ऑइल सोडत राहा. एकेकट्या पत्र्यासाठी स्टेप ड्रिल (पायरीपायरीनं जाड होत जाणारं) उत्तम. फक्त त्याच्या पायरीची उंची पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त हवी.

जिगबद्दल (ड्रिलला नेमकी जागा दाखवणारं साधन) एक धोका लक्षात ठेवा. आधीच्या भोकात पिन अडकवून पुढचं भोक पाडायचं, ही युक्ती दिसायला छान. पण पिन ते ड्रिल अंतर ०.१ मिमीनं चुकलं तर ४७व्या भोकापर्यंत चूक ४.६ मिमी होते. त्याऐवजी ४७ भोकांची एक पूर्ण पट्टी अचूक करून घ्या आणि ती प्रत्येक रांगेला कडेला बसवलेल्या आधारपट्टीला टेकवून सरकवा. मग चूक रांगेपुरती राहते, साठत नाही.

प्रश्न: १ मिमी स्टेनलेस पत्र्यात ३ मिमीची भोकं पाडताना चार-पाच भोकांत ड्रिल निळं पडून बोथट होतं. ड्रिल हलक्या दर्जाचं आहे का?

उत्तर: असेलही, पण बहुधा वेग जास्त आणि दाब कमी आहे. स्टेनलेस घासलं की कडक होतं. ड्रिल न कापता एक क्षण जरी नुसतं फिरलं तरी खालचा थर कडक होऊन बसतो, आणि पुढचं फिरणं त्याच कडक थरावर होतं. वेग १,२०० आरपीएमच्या आसपास ठेवा, पहिल्या क्षणापासून ठाम दाब द्या, मध्ये थांबू नका. ड्रिल १३५ अंशांच्या स्प्लिट पॉइंटचं (न घसरता लगेच कापू लागणाऱ्या टोकाचं), कोबाल्टमिश्रित पोलादाचं घ्या. त्याचं टोक आखूड असतं, म्हणजे पातळ पत्र्यालाही बरं. सेंटर पंच हलकाच मारा, जोरदार ठोक्यानं नेमकी ती जागाच कडक होते. एखादं भोक अडलंच तर पत्रा उलटा करून मागून सुरुवात करा. शंभरापेक्षा जास्त भोकं असतील तर नायट्रोजन वायू सोडत कापणारं लेझर बघा. ऑक्सिजननं कापलं तर कडा काळी पडते.

प्रश्न: पंच केलेली जाळी मशीनवरून उतरली की मधून फुगते. कडा सपाट, मध्य पोटासारखा. भोकं मात्र मापात आहेत.

उत्तर: प्रत्येक ठोक्याला भोकाभोवतीचा धातू थोडा ताणला जातो. हजार भोकांचा तो ताण साठून मधला भाग लांबतो. कोरी कडा तेवढी लांबत नाही आणि त्याला अडवून धरते, मग वाढलेला पत्रा वर येतो. भोकं जितकी दाट आणि कडेची पट्टी जितकी रुंद, तितका फुगवटा.

आधी टूल तपासा. बोथट पंच कापण्याआधी जास्त ताणतं. मग पंच आणि डाय यांतला क्लिअरन्स (फट) बघा. १.५ मिमी एमएसला व्यासांतला एकूण फरक जाडीच्या साधारण २० टक्के, म्हणजे ०.३ मिमी. ६ मिमी पंचला ६.३ मिमी डाय. इथे गोंधळ होतो तो एका बाजूचा आणि एकूण यांत. कोणी २० टक्के एका बाजूचा धरला तर तो दुप्पट होतो आणि बर वाढते. भोकाचं माप पंच ठरवतं, त्यामुळे भोकं मापात आहेत एवढ्यावरून डाय बरोबर आहे असं म्हणता येत नाही. ते भोकातून बाहेर पडलेली टिकली (कापलेला गोल तुकडा) सांगते. तिच्या कडेवरचा चकाकता पट्टा जाडीच्या एक-तृतीयांश असावा. त्याहून बराच रुंद असेल किंवा दोन पट्टे दिसत असतील तर क्लिअरन्स कमी आहे. पट्टा अरुंद आणि टिकलीची कड गोलसर झाली असेल तर क्लिअरन्स जास्त.

प्रोग्रॅममध्ये आधी एक सोडून एक भोकं मारा, दुसऱ्या फेरीत राहिलेली. बाहेरचं माप अगदी शेवटी कापा. इतकं करूनही दाट जाळी थोडी फुगतेच. त्यासाठी रोलर लेव्हलर (रुळांमधून काढून पत्रा सपाट करणारं मशीन) हाच उपाय आहे, हातोडीनं ठोकून पोट दुसरीकडे जातं एवढंच.

प्रश्न: पावडर कोटिंगनंतर ३ मिमीच्या भोकांत ३ मिमीची पिन जात नाही. भोकं लहान पाडली गेली का?

उत्तर: नाही. कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन बसतो, आणि भोकाच्या दोन्ही भिंतींवर बसतो. म्हणजे व्यास ०.१२ ते ०.१६ मिमीनं घटतो. पिनला मोकळीकही लागते, तेव्हा भोक ३.३ मिमीचं पाडा किंवा कोटिंगच्या आधी त्यांत सिलिकॉनची बुचं लावा. मिलिमीटरभराच्या जाळीवर पावडर कोटिंग करूच नका, भोकं बुजतात.